ओल्या वाटेचें वाङ्‌मय

वर्षाऋतूला आपल्या काव्यांत जो मान मिळाला आहे तो दुसऱ्या ऋतूंच्या वांट्यास क्वचितच आला असेल. मेघ दिसला कीं विरही जनांचीं अंतःकरणें व्याकूळ व्हावयाचीं, मोरांनीं नाचावयाचें, नद्यांनीं सागराकडे धांवावयाचें, हा संकेत इतका दृढ झाला आहे कीं, पावसाचा माणसाला नुसता कंटाळाहि येऊं शकतो ही गोष्ट आपल्या साहित्यशास्त्राच्या ध्यानींमनींहि नाहीं. शृंगाराचा उद्दीपन विभाव ही पावसाची ठरलेली जागा. मेघदूतांतला मेघ सुद्धां प्रवासानें थकतो, आणि कालिदास त्याला पर्वतशिखरांवर विसांवा घ्यावयास सांगतो. परंतु त्याच शिखरांवरून, त्याच मेघाच्या पोटांतून, जो पांथस्थ पायीं चालला असेल त्याचें काय होत असेल हा प्रश्न यक्षाला पडत नाहीं. पडण्याचें कारणहि नाहीं. वर्षाचे आठ महिने कोरड्या राहणाऱ्या देशांत पाऊस हा पाहुणा असतो, आणि पाहुण्याचा कंटाळा येण्यापूर्वींच तो निघून जातो. जेथें तो घरजांवई होऊन बसला आहे तेथल्या वाङ्‌मयांत त्याचें रूप निराळें असणार हें उघड आहे.

तें रूप पाहावयाचें असेल तर इंग्लंडमधील ‘पेनाइन वे’ या पायवाटेवर लिहिलेलीं पुस्तकें वाचावींत. उत्तर इंग्लंडांत दक्षिणोत्तर पसरलेली पेनाइन ही डोंगरांची ओळ उंचीनें सामान्यच आहे. तिचें सर्वोच्च शिखर क्रॉस फेल ८९३ मीटरांचें. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या निम्म्याहून थोडेंसेंच अधिक. डर्बीशायरमधील एडेल या खेड्यापासून निघून स्कॉटलंडच्या सीमेपलीकडील कर्क येटहोम या गांवीं ही वाट संपते. लांबी २६८ मैल, म्हणजे सुमारें ४३० किलोमीटर. ही वाट असावी ही कल्पना टॉम स्टीफन्सन या वृत्तपत्रकाराची. लहानपणीं कापडावर छपाई करण्याच्या धंद्यांत उमेदवारी केलेला, पहिल्या महायुद्धांत लढण्यास नकार दिल्यामुळें तुरुंग भोगलेला असा हा लँकेशायरचा गृहस्थ. २२ जून १९३५ रोजीं ‘डेली हेरल्ड’ पत्रांत लेख लिहून त्यानें या लांब हिरव्या वाटेची मागणी केली. त्या काळीं तेथील पुष्कळशीं पठारें जमीनदारांच्या शिकारीसाठीं राखलेलीं असत. १९३२ च्या एप्रिलांत मँचेस्टरकडील कामकरी तरुणांनीं किंडर स्काउटच्या पठारावर उघड उघड अतिक्रमण केलें, तेव्हां त्यांपैकीं पांच जणांना तुरुंगांत जावें लागलें होतें. स्टीफन्सनची वाट अधिकृतपणें खुली झाली ती २४ एप्रिल १९६५ रोजीं. लेखानंतर तीस वर्षांनीं. ज्या चिखलांतून चालण्याच्या हक्कासाठीं माणसें तुरुंगांत गेलीं, त्याच चिखलाला पुढें चालणारे शिव्याशाप देऊं लागले, यांत विसंगति वाटली तरी ती मनुष्यस्वभावाला धरूनच आहे.

उंची बेताची म्हणून या डोंगरांना कोणी हंसूं नये. अटलांटिक महासागरावरून येणारे ओले वारे या ओळीवर चढतांना आपलें पाणी तेथें टाकतात. माथ्यावर ‘पीट’ नांवाचा काळा, स्पंजासारखा थर असतो. हजारों वर्षें पुरतें न कुजतां सांचत राहिलेल्या शेवाळाचा व गवताचा तो ढीग. त्यांत टाकलेलें पाऊल कोठवर जाईल याचा नेम नसतो. क्रॉस फेलच्या पश्चिम उतारावरून ईडन नदीच्या खोऱ्यांत झेपावणाऱ्या ईशान्य वाऱ्याला तर ‘हेल्म’ असें स्वतःचें नांव आहे. ब्रिटनमध्यें असा नांवाजलेला वारा हा एकच. डोंगरमाथ्यावर टोपीसारखा ढग आणि कांहीं मैलांवर त्याला समांतर असा दुसरा ढगाचा पट्टा ही त्याची खूण. गॉर्डन मॅन्ले या हवामानशास्त्रज्ञानें १९३० नंतरच्या दशकांत शेजारच्या ग्रेट डन फेलवर ठाणें मांडून त्याचा अभ्यास केला. किंडरच्या कड्यावरील धबधबा पश्चिमेचा वारा सुटला म्हणजे खालीं पडण्याऐवजीं वर उडतो. नाणेघाटांतला उलटा धबधबा ज्यांनीं पावसाळ्यांत पाहिला आहे त्यांना यांत नवल वाटणार नाहीं. फरक इतकाच कीं नाणेघाटांत भिजलेल्या माणसाला हुडहुडी भरते, आणि तेथें भिजलेला माणूस मरूं शकतो. १९६४ च्या मार्च महिन्यांत याच भागांतील ‘फोर इन्स’ नांवाच्या चालण्याच्या स्पर्धेंत तीन तरुण स्काउट गारठून मेले. एव्हरेस्टच्या १९५३ च्या मोहिमेंतील शरीरक्रियाशास्त्रज्ञ ग्रिफिथ प्यू यानें त्या मृत्यूंच्या कारणांचा शोध घेतला. भिजलेल्या कपड्यांवर वारा सुटला म्हणजे अंगाची ऊब राखण्याच्या कामीं ते कपडे फारसे उपयोगाचे राहत नाहींत. त्यासाठीं बर्फच पडावयास पाहिजे असें नाहीं.

गेल्या कांहीं दशकांत या वाटेवरच्या रुतणाऱ्या जागीं दगडी फरशा घातल्या आहेत. मोडीत निघालेल्या कापडाच्या गिरण्यांच्या जमिनी उखडून त्या हेलिकॉप्टरनें डोंगरावर नेल्या. लँकेशायरच्या गिरण्यांत एके काळीं वऱ्हाड-खानदेशचा कापूस जात असे. त्यांतल्या कोणत्या फरशीवर कोणता गठ्ठा पडला होता हें आतां कोण सांगणार? पण मराठी वाचकानें या वाटेकडे अगदींच परकेपणानें पाहूं नये, इतकें म्हणण्यास हरकत नाहीं.

या वाटेवरचें पहिलें उल्लेखनीय पुस्तक म्हणजे आल्फ्रेड वेनराइट याचें ‘पेनाइन वे कंपॅनियन’ (१९६८). वेनराइट हा केंडल गांवच्या नगरपालिकेचा खजिनदार. हिशेबाच्या वह्या लिहिणाऱ्या हातानेंच त्यानें लेक डिस्ट्रिक्टमधील डोंगरांचें वर्णन १९५५ ते १९६६ या अवधींत सात भागांत लिहिलें. आणि ‘लिहिलें’ हा शब्द येथें अक्षरशः घ्यावयाचा, कारण त्या पानांतला मजकूर छापखान्याच्या खिळ्यांनीं जुळविलेला नाहीं. प्रत्येक अक्षर व प्रत्येक चित्र त्याच्या टांकाचें आहे. ‘कंपॅनियन’ची रचना तर आणखी चमत्कारिक. चालणारा दक्षिणेकडून उत्तरेस जाणार, नकाशांत उत्तर दिशा वरच्या बाजूस, म्हणून हें पुस्तक खालून वर आणि शेवटाकडून आरंभाकडे वाचावयाचें! प्रथम हा विक्षिप्तपणा वाटतो; चार पानें झाल्यावर त्यांतला तर्क पटतो, आणि मग इतर सारीं प्रवासवर्णनें उलटीं लिहिलीं आहेत कीं काय असा संशय येऊं लागतो.

मार्गदर्शक पुस्तकाच्या कर्त्यानें आपल्या मार्गाची तारीफ करावी असा सर्वत्र रिवाज आहे. वेनराइट तो पाळीत नाहीं. त्याला पाऊस फार लागला, चिखल फार लागला, आणि ब्लॅक हिलच्या माथ्यावर तर तो पीटमध्यें असा रुतला कीं, सोबत्यानें व त्या बाजूला आलेल्या एका वनरक्षकानें ओढून काढलें तेव्हांच त्याची सुटका झाली. हें सारें तो नमूद करतो, आणि पुन्हा या वाटेस जाण्याचा आपला विचार नाहीं हेंहि लपवीत नाहीं. आम्हांला हा प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटतो. आपल्याकडील गिरिभ्रमणाचीं वर्णनें वाचतांना नेमकी याचीच उणीव भासते. त्यांत पाऊस पडतो, पाय घसरतात, भाकऱ्या भिजतात. परंतु हें सर्व शेवटच्या परिच्छेदांतील सूर्योदयाची किंवा जयजयकाराची अनामत रक्कम म्हणून आधीं भरून ठेविलेलें असतें. सूर्योदय झाला कीं ती व्याजासह परत मिळते. वेनराइटच्या वहींत असा जमेचा आंकडा ओढूनताणून आणलेला नाहीं. खर्च झाला तो खर्च झाला.

येथें एक शास्त्रीय प्रश्न उपस्थित होतो, आणि रसिकांनीं तो टाळूं नये. भरतानें जे तेहेतीस व्यभिचारी भाव सांगितले आहेत त्यांत ग्लानि, श्रम, दैन्य, जडता, विषाद हीं सर्व मंडळी आहेत. म्हणजे दमलेल्या, भिजलेल्या, हताश झालेल्या पांथस्थाची शास्त्रकारांना ओळख नव्हती असें नाहीं. परंतु हे भाव चाकर. त्यांनीं कोणा तरी स्थायी भावाची सेवा करावी आणि निघून जावें. पर्वतारोहणाच्या ग्रंथांत ते उत्साहाची सेवा करतात आणि वीररसाची निष्पत्ति होते. म्हणून हिमालयांतील मोहिमेच्या वर्णनांत बोटें गळून पडलीं तरी वाचकाला अवघडल्यासारखें होत नाहीं. पेनाइन वाटेवर मात्र हे चाकर कोणाच्या पदरीं आहेत? तेथें झेंडा लावण्याजोगें शिखर नाहीं, शत्रु नाहीं, देव नाहीं. आजचा दिवस ओला, उद्यांचाहि बहुधा ओलाच. सात-आठ दिवसांनंतर श्रम हाच घरचा धनी होऊन बसतो. शास्त्री म्हणतील, व्यभिचारी भाव कितीहि पोसला तरी त्याचा रस होत नाहीं. तें आम्हांस मान्य आहे. परंतु प्राधान्यानें व्यक्त झालेल्या व्यभिचारी भावाला मम्मटानें ‘भाव’ म्हणून काव्यांत स्वतंत्र जागा दिली आहे, हेंहि विसरूं नये. तेव्हां या ओल्या वाटेच्या वाङ्‌मयाला रसहीन म्हणून बाहेर घालविण्याचें कारण नाहीं. त्याची पंगत निराळी, इतकेंच.

दुःखाच्या वर्णनानें आनंद कां व्हावा याचें उत्तर न. चिं. केळकर यांनीं १९२१ च्या बडोदें येथील संमेलनांत ‘सविकल्प समाधि’ या कल्पनेनें दिलें होतें: वाचक दुसऱ्याच्या अवस्थेशीं एकरूप होतो, आणि तरीहि आपण आपणच आहों ही जाणीव सोडीत नाहीं. पावसांतल्या प्रवासाला ही उपपत्ति चपखल लागू पडते. घोंगडी पांघरून चहाचा पेला हातीं घेतलेला वाचक किंडरच्या धुक्यांत भिजतो आणि कोरडाहि राहतो. मात्र त्यासाठीं लेखकानें त्याला खरोखर भिजविलें पाहिजे. नुसतें ‘मुसळधार पाऊस पडत होता’ असें म्हणून भागत नाहीं.

या कसोटीला सायमन आर्मिटेज याचें ‘वॉकिंग होम’ (२०१२) हें पुस्तक लावून पाहण्यासारखें आहे. आर्मिटेज हा कवि. २०१९ पासून इंग्लंडचा राजकवि. पेनाइन वाटेलगतच्या मार्सडेन या गांवांत तो वाढला. २०१० च्या जुलै महिन्यांत त्यानें ही वाट उलट दिशेनें, म्हणजे उत्तरेकडून दक्षिणेस, चालावयाचें ठरविलें. कारण साधें: त्या बाजूनें चाललें म्हणजे घर पुढें येतें. बहुतेक लोक दक्षिणेकडून निघतात, कारण तेथील नित्याचा वारा व पाऊस नैर्ऋत्येकडून येतो आणि पाठीवर झेलतां येतो. आर्मिटेजनें तो तोंडावर घेतला. (वेनराइटचें पुस्तक या दिशेनें जाणाऱ्याला सरळ वाचतां यावें, ही एक गंमत.) शिवाय पैसे न घेतां निघावयाचें, रोज रात्रीं मुक्कामाच्या गांवीं दारूच्या गुत्त्यांत, चर्चमध्यें, कोणाच्या दिवाणखान्यांत कविता वाचावयाच्या, आणि श्रोते जें देतील त्यावर पुढें जावयाचें, असा त्याचा पण होता. पैसे गोळा करण्यासाठीं तो एक मोजा फिरवीत असे. आपल्याकडे कीर्तन संपल्यावर आरतीचें ताट फिरतें, तोच हा प्रकार. आणि बिदागीच्या आशेनें गांवोगांव हिंडणाऱ्या हरिदासाची लाजहि तीच. त्याची जड पेटी लोकच एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामास पोहोंचवीत, आणि तिला त्यानें ‘थडगें’ अशा अर्थाचें नांव ठेविलें होतें.

या योजनेंत पुस्तकाचें खरें बळ आहे. प्रवासवर्णन म्हणजे दृश्यांचें वर्णन अशी आपली समजूत असते, आणि धुक्यांत दृश्यच नाहींसें होतें. पुढच्या माणसाची पाठ, पायाखालची फरशी, आणि कानांत वारा, याखेरीज कांहीं उरत नाहीं. अशा दिवशीं सामान्य लेखक आपल्या मनांत डोकावूं लागतो आणि आपल्या बालपणाच्या आठवणींनीं पानें भरतो. आर्मिटेजलाहि तो मोह होतोच. पण दिवसभर चालतांना सोबतीस आलेलीं अनोळखी माणसें आणि रात्रींचे श्रोते त्याला पुन्हा पुन्हा बाहेर ओढून आणतात. भूगोलाचा पदवीधर असल्यामुळें जमिनीकडे पाहण्याची संवय त्याला आहे, आणि पूर्वीं गुन्हेगारांवर देखरेख ठेवणाऱ्या खात्यांत नोकरी केलेली असल्यामुळें माणसांकडे पाहण्याचीहि. पाण्याशीं तर या कवीचें जुनें नातें दिसतें. त्याच वर्षांत, मार्सडेनपासून इल्कलीपर्यंतच्या पठारांवर, त्याच्या पाण्यावरील कविता खडकांत कोरल्या गेल्या: हिम, पाऊस, धुकें, दंव, डबकें, ओहोळ असे त्यांचे विषय. एकाच पाण्याचीं इतकीं रूपें ज्यानें वेगळालीं करून पाहिलीं, त्याला पावसाला नुसतें ‘मुसळधार’ म्हणून सोडून देणें शक्य नव्हतें.

पुस्तकाचा दोषहि तितकाच स्पष्ट आहे. आर्मिटेजला विनोदाची फार जुनी खोड. श्रम गहिरा होऊं लागला, भीति खरोखर जवळ आली, कीं तो एक कोटी करून बाजूला सरतो. कांहीं ठिकाणीं ही कोटी छत्रीसारखी कामास येते. परंतु दर पानावर उघडलेली छत्री वाचकाला भिजूंच देत नाहीं, आणि न भिजलेला वाचक समाधीपर्यंत पोहोंचत नाहीं. शिवाय रोजनिशीची घडण असल्यामुळें चालणें, मुक्काम, काव्यवाचन, यजमान, पुन्हा चालणें असें रहाट फिरत राहतें, आणि पुस्तकाच्या मध्यावर यजमानांचे चेहरे एकमेकांत मिसळूं लागतात. हा दोष वाटेचाच आहे असें कोणी म्हणेल. पण वाट कंटाळवाणी असणें आणि पुस्तक कंटाळवाणें होणें यांतला भेद राखणें हेंच लेखकाचें काम.

गंमत अशी कीं, या बाबतींत आर्मिटेजचा गुरु त्याच्या हाताशीं होता. ‘सर गवेन अँड द ग्रीन नाइट’ या चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील काव्याचें त्यानें २००७ सालीं आधुनिक इंग्रजींत रूपांतर केलें आहे. तें काव्य पेनाइनच्या दक्षिण टोंकाकडील प्रदेशाच्या बोलींत रचलेलें. त्यांत वीर गवेन हिवाळ्यांत एकटा रानोमाळ हिंडतो. त्या अज्ञात कवीनें सर्प, लांडगे, अस्वलें, राक्षस यांच्याशीं झालेल्या झुंजी भरभर सांगून संपविल्या आहेत, आणि गारठलेल्या पावसाला, उघड्या खडकांत चिलखतानिशीं काढलेल्या रात्रींना आपला वेळ दिला आहे. राक्षसांचें वर्णन कोणीहि करील. ओल्या लोखंडांत झोपण्याचें कोण करणार? तेथें एकहि कोटी नाहीं. सहाशें वर्षांपूर्वींच्या या कवीला जें साधलें तें आर्मिटेजला क्वचित् साधतें, परंतु ज्या पानांवर साधतें तीं पानें उत्तम उतरलीं आहेत: जेथें धुक्यांत दिशा हरपते, हंसूं सुचत नाहीं, आणि गद्य आंखूड होत जातें.

पावसांत लांबवर चालत जाण्याची एक परंपरा आपल्याकडेहि आहे, आणि ती फार मोठी आहे. आषाढांत आळंदीहून पंढरपुरास, सुमारें अडीचशें किलोमीटर, लक्षावधि माणसें चालतात. त्या वाटेवर इरावती कर्वे यांनीं लिहिलेला ‘वाटचाल’ हा लेख (‘परिपूर्ती’, १९४९) मराठी गद्याचें भूषण आहे. त्यांतहि देखाव्यांवर भर नाहीं. बरोबर चालणारीं माणसें, त्यांची माया, आणि एकाच दिंडींत जातीजातींच्या वेगळ्या पंगती पाहून बाईंच्या मनाला झालेला सल, यांनीं तो लेख भरला आहे. वारकऱ्याच्या श्रमाला स्थायी भाव शोधावा लागत नाहीं. पुढें विठ्ठल उभा असतो. आर्मिटेजच्या पुढें घर आहे, पण तें वाट संपण्यापूर्वींच येतें! मार्सडेन मागें टाकून एडेलपर्यंत जावयाचें तें केवळ ठरविलें म्हणून. आम्हांस वाटतें, या पुस्तकांतील अत्यंत अवघड आणि अत्यंत खरा भाग येथून सुरू होतो. घर मागें पडलें आहे, पुढें ब्लॅक हिल, ब्लीकलो आणि किंडर हीं पठारें आहेत, आणि चालण्याला आतां कोणतेंच कारण उरलेलें नाहीं.

एडेल अगदीं आटोक्यांत आलें असतां, धुक्यानें भरलेल्या पठारावर आर्मिटेज चालणें थांबवतो आणि वाट अपुरी सोडतो. कांहीं वाचकांना यांत फसवणूक वाटली तर नवल नाहीं. इतकीं पानें भिजावयाचें आणि शेवटीं पोहोंचावयाचेंहि नाहीं! परंतु हाच शेवट या पुस्तकाला शोभतो असें आमचें मत आहे. तो एडेलला पोहोंचता तर मागचा सारा श्रम उत्साहाच्या पदरीं बांधला गेला असता, आणि आपल्याकडल्या सूर्योदयांसारखाच आणखी एक सूर्योदय झाला असता. येथें विनोदाची छत्रीहि तो उघडीत नाहीं. तो थांबतो, आणि कां थांबलों हें पुरतेपणीं त्यालाहि सांगतां येत नाहीं; ती अर्धवट कबुली वाचतांना घोंगडींतला वाचक प्रथमच खरा गारठतो.

वेनराइटनें आपल्या हयातींत एक रिवाज ठेविला होता. संपूर्ण वाट चालून कर्क येटहोमच्या बॉर्डर हॉटेलांत पोहोंचणाऱ्याला त्याच्या खर्चानें बिअरचा एक पेला मिळे. ज्या वाटेला त्यानें इतकीं नांवें ठेविलीं ती पुरी करणाऱ्यांसाठीं तो वर्षानुवर्षें पदरमोड करीत राहिला. आर्मिटेज त्याच कर्क येटहोमहून निघाला होता. वेनराइटचा नियम त्याला लावला असता तर तो पेला त्याला मिळाला नसता.